लशीचं रक्त

३ जून

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या बाबांचा खोकला होता तसाच आहे, ना वाढतो ना जातो, जुन्या भाडेकरूसारखा. दोन वर्षांत तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही. ते आज काढायचं नाही. कामासाठी लिहिते आहे. फोन केला असता, पण घरात मोबाइल एकच, तो तुझ्या बाबांच्या खिशात, आणि त्यांना ऐकू कमी येतं म्हणून कायम स्पीकरवर. तुझी धाकटी काकू स्वयंपाकघरातून हुंकार भरते, इतकं सगळ्यांना ऐकू जातं.

मी लस घेतली. शाळेच्या हॉलमध्ये रांग होती. टोचणारी मुलगी तुझ्याच वयाची, हात हलका. मी म्हटलं, माझी मुलगीही हेच काम करते. ती म्हणाली, मग त्यांच्याकडूनच का नाही टोचून घेतलीत? मी म्हटलं, ती लांब असते. दंड दोन दिवस दुखला, ताप आला नाही.

आता कामाचं. शुक्रवारी आपल्याकडे प्रार्थनेला बायका येतात, त्यांच्यात हल्ली एकच विषय. लशीनंतर कुणाची पाळी लांबली, कुणाला महिन्यात दोनदा आली, कुणाला एवढं गेलं की अंथरुणावरून उठवेना. खालच्या मजल्यावरची मास्तरीण म्हणाली, "माझी पाळी म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक होतं हो, आता मालगाडी झाली. वाटेल तेव्हा येते, वाटेल तिथं थांबते." हसल्या सगळ्या, पण घाबरल्याही आहेत.

तर माझ्या ओळखीत एक बाई आहेत. पाळी जाऊन चार वर्षं झाली. लस घेतली आणि त्यांना पुन्हा दिसायला लागलं. फार नाही. कपडा घ्यावा लागतो इतकंच. दुखत खुपत नाही. त्यांचा प्रश्न असा, की हे पाळीचं धरायचं की औषधाचं? कारण त्यांच्याकडे देवाचं बघायचं काम आहे, आणि घराचा नियम आपल्यासारखाच: जिची पाळी गेली तिनं देवाची खोली सांभाळायची, जिची चालू आहे तिनं त्या दिवसांत उंबरठ्याबाहेर. तू या नियमावर चिडतेस हे मला माहीत आहे. तुझं मत विचारलेलं नाही, तुझं शिक्षण विचारलं आहे. एका ओळीत कळव.

सोबत पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. म्हणजे तुला खर्च नाही आणि सबबही नाही. उघडं कार्ड पाठवू नकोस. काकूला वाचनाची आवड आहे.

आई


१४ जून

चि. मनीस,
आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. मी एक ओळ मागितली, तू पाच प्रश्न पाठवलेस. किती दिवस जातं, रंग कसा, पोटात दुखतं का, वजन उतरलं का, साखर आहे का. आणि शेवटी, "त्या बाईंना लगेच डॉक्टरकडे पाठव." आई कशी आहेस, हा सहावा प्रश्न बसला असता कागदावर. मागची बाजू कोरी होती.

त्या बाई बऱ्या आहेत. डॉक्टरकडे जाण्याजोगं काही नाही. उगाच सुतावरून स्वर्ग गाठायचा आणि दवाखान्यात बाकावर दिवस घालवायचा, ही तुम्हा लोकांची खोडच आहे.

आणि तुझ्या उत्तरासाठी थांबायला वेळ नव्हता. शुक्रवारी शिंपीणमावशींनी सगळ्यांसमोर विचारलं. तुझे शाळेचे झगे शिवायच्या त्याच. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असतील. प्रार्थना संपल्यावर दाराशी घुटमळल्या. म्हणाल्या, "वहिनी, मला लशीनंतर दिसलंय. मी काय करू? मागं बसू, का येऊच नको?"

तुझी काकू लगेच, "अगं बाई! मावशी, या वयात कावळा शिवला? वाट चुकला असेल हो बिचारा."

सगळ्या खिदळल्या. मावशी हसल्या नाहीत. हातातली पिशवी छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना घरी कोणी नाही, तुला माहीत आहे. शुक्रवार एवढाच त्यांचा माणसांत यायचा दिवस. आणि खोलीची किल्ली माझ्या कमरेला, म्हणजे सांगायचं मलाच होतं. मी म्हटलं, "ते पाळीचं नाही मावशी. ते लशीचं रक्त. औषधानं जे जातं ते मोजायचं नाही. खुशाल या, पुढं बसा."

काय हलकं झालं बघ सगळ्यांना! मास्तरीण म्हणाली, मग माझंही लशीचंच. दुसरी म्हणाली, माझंही. आता कुणी आत यायला कचरली की बाकीच्या म्हणतात, लशीचं असेल ग, ये. गेल्या शुक्रवारी एकही जागा रिकामी नव्हती. तुझी आजी असती तर तिलाही मी पटवलं असतं. तू म्हणायचीस ना, आई कधी कुणाला आत घेत नाही. बघ, घेतलं.

परवा पुन्हा कपडा घ्यावा लागला. त्या बाईंना, म्हणजे. पण लगेच थांबलं.

तुझ्या खोलीतलं कपाट उघडून बघितलं, वाळवी नाही. पाकीट सोबत आहे.

आई


२ जुलै

मने,

"आई, ती बाई तूच आहेस." मोठा शोध लावलास. हो, मीच आहे. आता पुढं?

तू लिहितेस, हजारो बायकांना सुई टोचली, त्यांनी येऊन सांगितलं ते ऐकलं. पाळी चालू असलेल्यांची चार-दोन दिवस मागंपुढं होते, एखादीला जास्त जातं, महिन्या-दोन महिन्यांत बहुतेकींची गाडी रुळावर येते. तिथपर्यंत ठीक. पण पुढं लिहितेस, जिची पाळी जाऊन वर्ष उलटलं तिला थेंब दिसला तरी तपासायचं, लस घेतलेली असो नसो. हे काही मला पटत नाही. सगळ्यांचं लशीनं आणि माझं एकटीचं दुसऱ्या कशानं? मी काय वेगळ्या मातीची?

आणि तपासायला जायचं म्हणजे काय ते तुला कळतं का? तुझे बाबा विचारणार, कशाला. ते स्पीकरवर बोलतात, म्हणजे काकू ऐकणार. काकूची गेल्या वर्षी थांबली. तेव्हापासून तिची नजर माझ्या कमरेवर आहे, किल्लीवर. परवा म्हणाली, "वहिनी, तुम्ही दमल्यासारख्या दिसता. सकाळचं देवाचं मी बघत जाऊ का?" मी म्हटलं, "दमते ती बोलणारी, करणारी नाही."

लशीचं आहे तोवर मी आत आहे. दवाखान्यात जाऊन ते लशीचं नाही असं निघालं, तर मी बाहेर. एवढं सरळ आहे. मी मॅट्रिकला गणितात कधी नापास झाले नाही.

तू म्हणशील, बाहेर तर बाहेर. तुला सोपं आहे. मला सकाळी ती खोली उघडली की जे वाटतं ते घरात दुसरीकडे कुठे वाटत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून दर महिन्याला मी उंबरठ्याच्या अलीकडे उभी राहून आत वाकून बघितलं आहे. चार वर्षांपूर्वी पाळी गेली तेव्हा बाकीच्या बायका म्हातारपणाला रडतात तशी मी रडले नाही. मी वात वळली.

आजीच्या वेळचं, दोन वर्षांपूर्वीचं, तू पत्रात पुन्हा काढलंस. तिनं शेवटी खाट देवाच्या खोलीत हलवून घेतली. तुझी पाळी आली आणि मी तुला दाराशी अडवलं. आजीचं सगळं तू केलं होतंस, अंथरूण धुण्यापासून. ती "मनी कुठे" म्हणत गेली. मला माहीत आहे मने, मी तिथंच उभी होते. नियम आजीचाच होता, तिच्या खोलीत तिच्यासमोर तो मोडायचा कुणी? मी नाही मोडला. पण तुझा तो जुना राग फिटावा म्हणून मी आता दवाखान्यात जायचं, हे काही व्हायचं नाही. जाणार नाही.

आई

ता. क. तपासणीत नक्की काय करतात? दुखतं का? सहज विचारते आहे.


२१ जुलै

चि. मनीस,
आशीर्वाद.

गेले होते. आता ओरडू नकोस, शांतपणे वाच.

तू लिहिलंस म्हणून गेले नाही. शिंपीणमावशींमुळे गेले. शुक्रवारी बायका यायच्या आधी त्या मदतीला येतात, चटया अंथरतात. मी दिव्यात तेल घालत होते. उठले तर चटईवर डाग. एकदम गेलं होतं, मला कळलंही नाही. मी पदर ओढते आहे तोवर मावशींनी चटई गुंडाळून बाजूला केली, स्वतःचा पदर ओला करून फरशी पुसली. मला म्हणाल्या, "वहिनी, लशीचंच ना? माझंही थांबत नाही. पण तुम्ही सांगितलंत म्हणून मी निर्धास्त आहे."

मने, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठाला रंग नाही. इतके शुक्रवार त्या पुढच्या रांगेत बसत होत्या आणि मी डोळे मिटून प्रार्थना सांगत होते. मी त्यांना म्हणणार होते, मावशी, दवाखान्यात जा. कोणत्या तोंडानं म्हणू? त्यांनी विचारलं असतं, तुम्ही गेलात का?

वाढणारीनं आधी चाखावं. सोमवारी मी तुझ्या बाबांना म्हटलं, चष्म्याचा नंबर काढून येते, आणि गेले.

डॉक्टरीणबाई पोरसवदा. केस आखूड. मला आजी म्हणाली, मी म्हटलं, आजी कुणी केलं नाही अजून, काकू म्हण. हसली. सगळं विचारलं, तुझेच ते पाच प्रश्न. मग म्हणाली, "कधीपासून?"

"लस घेतल्यापासून."

"त्याच्या आधी कधी दिसलं नव्हतं?"

पेन धरून बसली होती. घाई नव्हती तिला. भिंतीवर पंखा कटकट करत होता. मी म्हटलं, "एकदा दिसलं होतं. लशीच्या आधी. नाही, दोनदा."

हे तुला लिहिलं नव्हतं. तुलाच काय, मी मलाही सांगितलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा गुलाबीसर दिसलं, मी म्हटलं उष्णता असेल. मग पुन्हा. रोज देवाला विचारत होते, हे काय रे. आणि मग लस आली, बायका बोलायला लागल्या, माझी मागंपुढं झाली, तुझी झाली का. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. सगळ्यांच्या गर्दीत माझंही खपून गेलं. लसच मला बरी सापडली.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. म्हणाली, "काकू, लशीनं पाळी मागंपुढं होते, ते खरं आहे, बायका खोटं बोलत नाहीत. पण ज्यांची गेली आहे त्यांनी लाल दिसलं की यायचं. कारण कोणतंही वाटो. कारण शोधायचं काम माझं." मग मशीन लावून बघितलं. पिशवीच्या आतलं अस्तर जाड झालंय म्हणाली. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. तू लिहिलं होतंस, चिमटा काढल्यासारखं दुखतं. तुम्हा नर्सबायांचा चिमटा फार लांबलचक असतो.

घरी आले तर काकू दारातच. "चष्मा कुठे?"

"नंबर बदललेला नाही," म्हटलं.

उत्तर यायला आठवडा लागेल. मावशींना अजून काही बोलले नाही. शुक्रवारी तोंड चुकवलं, लवकर प्रार्थना आटोपली. उत्तर चांगलं आलं तर काहीच सांगायला लागणार नाही, असं मनात येतं. मग त्यांचे ओठ आठवतात.

आई


१२ ऑगस्ट

चि. मनीस,

उत्तर वाईट आलं. फार वाईट नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात. कर्करोगच आहे, पण पहिल्या पायरीवर, पिशवीच्या आतल्या आत दिसतो. पिशवी काढायची. लवकर आलात म्हणाल्या. मला हसू आलं. मी लवकर आले! लशीनं झालं का, हेही मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या, हे आधीपासून आत होतं.

तुझ्या बाबांना सांगितलं. त्यांनी मोबाइल बंद करून खिशात ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "चष्म्याला एकटी गेलीस होय!" एवढंच.

आता त्यानंतरच्या शुक्रवारचं लिहिते. तू तिथं असायला हवी होतीस. नको, नव्हतीस तेच बरं, मला बोलता आलं नसतं.

बायका बसल्या. मी आत गेले नाही, उंबरठ्याच्या बाहेर उभी राहिले. मास्तरीण म्हणाली, "वहिनी, या ना." मी म्हटलं, "आधी ऐका." म्हटलं, "मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलं. लशीचं रक्त मोजायचं नाही म्हटलं. ते मी माझ्यासाठी म्हटलं होतं. मला लशीच्या आधीपासून जात होतं, मी लपवलं. आता तपासलं, आत रोग निघाला. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी घाबरू नका, पण जास्त गेलं तर दाखवा. आणि ज्यांची गेली आहे आणि तरी दिसतंय, त्यांनी उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. माझ्या शब्दावर बसू नका."

मग मागून एक आवाज आला, कुणाचा ते लिहीत नाही, "म्हणजे इतके दिवस यांनी त्या हातानं दिवा लावला?" दुसरी म्हणाली, "जीव जातोय बाईचा आणि तुला दिव्याचं!" जुंपली दोघींची. मी कुणाकडेच बघत नव्हते, मावशींकडे बघत होते. त्या पुढच्या रांगेत तशाच मांडी घालून. मला वाटलं आता शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "मला कोण नेणार, वहिनी? मला दवाखान्याच्या खिडकीवर काय बोलायचं तेही कळत नाही."

मी तोंड उघडायच्या आत तुझी काकू उठली. तुझी काकू, बरं का! पदर खोचून म्हणाली, "मी नेते. उद्या सकाळी तयार राहा. आणि लाजायचं नाही, मी सगळं मोठ्यानं सांगणार." ते मात्र खरं. दवाखान्याच्या बाहेर चहावाल्यालाही कळलं असेल.

मावशींच्या तपासणीत लहानसा मोड निघाला, अळंबीसारखा. काढून टाकला, साधा आहे, रोग नाही. रक्त फार कमी झालंय, त्याच्या गोळ्या दिल्यात. मला ही बातमी सांगायला काकू जिना पळत चढली. माझ्याजवळ येऊन थबकली, मग म्हणाली, "सुटली म्हातारी." आणि रडायला लागली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं. मला वाटायचं तिला येतच नसावं.

किल्ली मी तिला दिली. तिनं मागितली नाही. मी दिली तेव्हा घेईना, मागं सरकली. म्हटलं, घे, दिवा विझायला नको. आता ती आत बसते, मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून. तिला प्रार्थना पुरी येत नाही. तिसऱ्या ओळीला रोज अडखळते, की मी इकडून सांगते, आणि मग दोघी मिळून पुढं जातो, मधे भिंत. काल मला जात होतं, आणि मी म्हणत होते. पहिल्यांदाच, न लपवता. शब्द सगळे जागेवर होते. आणि खोली उघडल्यावर जे वाटतं, ते ओट्यापाशीही वाटलं, कमी नाही. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला समजत नाही. आजी असती तर विचारलं असतं. ती कदाचित म्हणाली असती, तुला आता कळलं होय.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी नेणार आहेत. आदल्या दिवशी भरती व्हायचं. डबे भरून ठेवले आहेत, तुझ्या बाबांना कशात काय आहे ते दाखवलं आहे, दुसऱ्या दिवशी विसरतील. काकू म्हणते मी येते सोबत. येईलही. चांगली आहे.

पण मला तू हवीस. हे तपासायचं, टोचायचं जग तुझं आहे, त्यात मी कधी आले नाही. तिथल्या बायका माझ्याशी भराभर बोलतात आणि मी मान हलवते. रात्री डोळे मिटले की वाटतं, उठलेच नाही तर? प्रार्थना म्हणते, तरी वाटतं. देवावर भरवसा आहे आणि तरी भीती वाटते, दोन्ही एकाच वेळी. असं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मला भीती वाटते, मने. एवढंच लिहायचं होतं पहिल्या पत्रात.

तुझी,
आई